तंबाखू, मण्यार आणि तुडतुडे

मनमाडहून भुसावळकडे जाताना नांदगाव लागते. स्टेशन मागे पडले की रुळांच्या दोन्ही बाजूंना कपाशी, मका, बाजरी आणि कांद्याची शेते दिसू लागतात. या तालुक्यात शाळामास्तरकी करणाऱ्या कोणालाही तीन गोष्टी नव्या नाहीत. एक म्हणजे तळहातावर चुन्यासह मळलेली तंबाखूची चिमूट. दुसरी, पावसाळ्याच्या दिवसांत रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावल्याची बातमी. तिसरी, पाठीवरच्या पंपातून कपाशीवरील तुडतुड्यांसाठी मारले जाणारे औषध. पहिले व्यसन, दुसरा अपघात, तिसरे शेतीचे काम. या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणीही विचारील.

संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे. तंबाखूतील निकोटीन, मण्यारीच्या विषातील एक घटक आणि फवारणीच्या काही औषधांतील रसायन ही तिन्ही शेवटी एकाच जातीच्या रेणूंवर जाऊन बसतात. हे रेणू आपल्या स्नायूंवर, मेंदूतील पेशींवर आणि किड्यांच्या चेतापेशींवरही असतात. त्यांना निकोटिनी ग्राही म्हणतात. हे ग्राही कसे चालतात आणि कसे अडतात, हे समजले की या तिन्ही गोष्टींचा उलगडा होतो. शिवाय दंश झालेल्या माणसाला भगताकडे न्यायचे की रुग्णालयात, या प्रश्नाचे कारणासहित उत्तर विद्यार्थ्यांना देता येते.

निरोप कसा पोचतो?

हात उचलावा असे मनात आले की मेंदूपासून स्नायूपर्यंत निरोप जातो. चेतातंतूतून तो विजेच्या रूपाने धावतो, पण तंतूचे टोक स्नायूला चिकटलेले नसते. दोहोंमध्ये मिलिमीटरच्या सुमारे वीस हजाराव्या भागाएवढी फट असते. ही फट ओलांडण्यासाठी चेतातंतू एक रसायन वापरतो. त्याचे नाव ॲसिटिलकोलीन. तंतूच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या असतात व प्रत्येकीत या रसायनाचे काही हजार रेणू भरलेले असतात. विजेचा निरोप टोकाशी आला की पिशव्या फुटतात, रेणू फटीत सांडतात आणि पलीकडे स्नायूच्या कातडीवर असलेल्या ग्राहींवर बसतात. स्नायू आकुंचन पावतो. लगेच त्याच फटीतील एक विकर उरलेल्या ॲसिटिलकोलीनचे तुकडे करून टाकते आणि जागा पुढच्या निरोपासाठी मोकळी होते. या विकराचे नाव ॲसिटिलकोलिनएस्टरेज. पुढे त्याचा पुन्हा उल्लेख येणार आहे.

निरोप रसायनाच्या रूपाने जातो, हे एके काळी कोणाला पटत नव्हते. ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर केलेल्या प्रयोगातून ते दाखवले. हेन्री डेल यांनी त्याआधीच, १९१४ साली, ॲसिटिलकोलीनची कामे दोन प्रकारची असतात हे ओळखले होते. काही कामांची नक्कल निकोटीन करते, तर काहींची नक्कल मस्करीन हे एका कवकातील द्रव्य करते. त्यावरूनच निकोटिनी आणि मस्करिनी ही नावे पडली. लोवी व डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बेडकाचा पाय आणि कोंबडीचा स्नायू

ग्राही ही कल्पना मात्र याहूनही जुनी आहे. तिची सुरुवात दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणाला लावीत त्या कुरारे नावाच्या विषापासून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने बेडकाला कुरारे टोचले. चेतातंतूला विजेचा धक्का दिला तरी पाय हलेना, पण स्नायूलाच धक्का दिला तर तो नीट आकुंचन पावे. म्हणजे स्नायू ठीक होता. चेतातंतूही ठीक होता. बिघाड झाला होता तो दोघांच्या भेटीच्या ठिकाणी.

पुढे १९०५ साली केंब्रिजच्या जॉन न्यूपोर्ट लँग्ली यांनी कोंबड्यांच्या स्नायूंवर निकोटीन वापरले. स्नायू आकुंचन पावला. चेतातंतू कापून तो पूर्ण झिजू दिला, तरी निकोटीनने स्नायू आकुंचन पावे, आणि कुरारे दिले की ते थांबे. याचा अर्थ दोन्ही पदार्थ चेतातंतूवर नव्हे, तर स्नायूवरील कशावर तरी काम करीत होते. या ‘कशाला तरी’ लँग्ली यांनी ‘ग्रहणशील पदार्थ’ म्हटले. तो कोणीही पाहिला नव्हता. एक पदार्थ त्याला जागे करतो आणि दुसरा त्याला अडवतो, एवढ्यावरूनच तो असला पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. औषधशास्त्राचा मोठा भाग आज या एका तर्कावर उभा आहे.

पाच पाकळ्यांचे दार

आता हा ग्राही आपल्या चांगला ओळखीचा झाला आहे. तो पाच प्रथिनांचा बनलेला असतो. पाच पाकळ्या मिटून मध्ये पोकळी राहावी तशी त्याची रचना असते आणि तो पेशीच्या पटलातून आरपार गेलेला असतो. मधली पोकळी एरवी बंद असते. पाकळ्यांच्या सांध्यांत ॲसिटिलकोलीन बसण्याच्या दोन जागा असतात. दोन्ही जागी एकेक रेणू बसला की पाकळ्या किंचित फिरतात आणि पोकळी उघडते. सोडियमचे आयन आत घुसतात, थोडे पोटॅशियमचे बाहेर पडतात. दार सेकंदाच्या सुमारे हजाराव्या भागापुरते उघडे राहते, पण तेवढ्या वेळात दहा हजारांच्या आसपास आयन जाऊ शकतात. सोडियमच्या धन प्रभारामुळे पेशीच्या आतील ऋण दाब कमी होतो आणि पेशी चेतते. अशा एकेका दाराची उघडझाप विजेच्या प्रवाहावरून १९७६ साली एर्विन नेहर आणि बेर्ट साकमान यांनी मोजली. त्यांना १९९१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या रचनेवरून औषधे आणि विषे काय काय करू शकतील, याचा अंदाज विद्यार्थ्यांनाही बांधता येईल. एखादा रेणू खऱ्या किल्लीसारखा बसून दार उघडील. एखादा किल्लीच्या भोकात बसेल, पण फिरणार नाही. एखादा उघड्या दाराच्या पोकळीतच बुचासारखा अडकेल. एखादा दार अर्धवट उघडील. आणि एखादा दाराला हातही न लावता किल्ल्यांची संख्या वाढवील. निसर्गात आणि औषधांच्या कपाटात या पाचही प्रकारचे रेणू आहेत. बुचासारखे अडकणारे मेकॅमिलामीन १९५० च्या दशकात रक्तदाबावर वापरीत असत. बाकीचे चार आपण सविस्तर पाहू.

किल्ली बसते, पण फिरत नाही

कुरारे हा दुसऱ्या प्रकारचा रेणू. तो ॲसिटिलकोलीनच्या जागेवर बसतो, पण दार उघडत नाही. दोनपैकी एक जागा त्याने अडवली तरी पुरते. नागाच्या विषातील चेताविषही हेच करते. मण्यारीच्या वंशातील तैवानमधल्या एका सापाच्या विषातून चांग आणि ली यांनी १९६३ साली असाच एक पदार्थ वेगळा केला. तो ग्राहीला इतका घट्ट चिकटतो की सहजी सुटत नाही. पुढे शास्त्रज्ञांनी याच चिकटपणाचा उपयोग गळासारखा केला. विद्युत मासळीच्या वीज निर्माण करणाऱ्या अवयवात हे ग्राही खच्चून भरलेले असतात. त्यातून ग्राही वेगळे काढण्यासाठी सापाचे विष कामी आले. ज्याने माणूस मरतो, त्यानेच ग्राहीचे स्वरूप उघड केले.

स्नायूवर गरजेपेक्षा बरेच जास्त ग्राही असतात. त्यांतील सुमारे पाऊण हिस्सा अडला की मगच अशक्तपणा जाणवू लागतो. म्हणून विष शरीरात असूनही माणूस काही काळ धडधाकट दिसतो. मग प्रथम पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. मृत्यू येतो तो श्वास थांबल्याने.

आपल्याकडील मण्यार आणखी एक गोष्ट करते. तिच्या विषात ग्राही अडवणारे घटक असतातच, पण दुसरा एक घटक चेतातंतूच्या टोकावर हल्ला करतो. पिशव्या रिकाम्या होतात आणि टोक निकामी होते. येथे कुलूप आणि किल्ली दोन्ही बिघडतात. डॉक्टर दोन दंशांत फरक का करतात, ते यावरून कळते. नागाच्या दंशात निओस्टिग्मीन हे औषध उपयोगी पडते. ते ॲसिटिलकोलीन तोडणाऱ्या विकराला रोखते, त्यामुळे फटीत किल्ल्यांची गर्दी होते आणि विषाला जागेवरून हटवण्याची शक्यता वाढते. मण्यारीच्या दंशात बहुधा त्याचा फायदा होत नाही, कारण मुळात किल्ल्याच येत नसतात. नवे टोक तयार व्हायला दिवस, कधी आठवडे लागतात. तोपर्यंत कृत्रिम श्वासोच्छ्वासावर माणसाला जगवावे लागते. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला निष्प्रभ करते, पण झालेले नुकसान भरून काढीत नाही. म्हणून ते जितके लवकर मिळेल तितके चांगले. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. त्यामुळे साप शोधण्यात किंवा मारण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही.

मण्यार रात्री हिंडते. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूजही नसते. झोपेतून उठलेला माणूस नुसते पोट दुखते म्हणतो आणि घरचे अपचन समजतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी सुरू झाली आणि पापण्या मिटू लागल्या, तर दंशाची खूण दिसो वा न दिसो, १०८ ला फोन करावा आणि थेट रुग्णालय गाठावे. आवळपट्टी बांधू नये, जखम कापू नये, चोखू नये. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी नीट खोचणे हा साधा उपाय पुष्कळ दंश टाळतो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. मण्यारीच्या दंशानंतर पूर्ण लुळा पडलेला माणूस मेल्यासारखा दिसतो. डोळे मिटलेले, बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत, सुईने टोचले तरी हालचाल नाही. पण बहुधा तो सर्व ऐकत असतो. या विषांचे रेणू मोठी प्रथिने आहेत. रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर ती ओलांडू शकत नाहीत. स्नायू बंद, पण मन जागे, अशी ही अवस्था असते. अमेरिकेतील भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ यांनी कुरारेतील शुद्ध द्रव्य स्वतःला टोचून घेतले आणि कृत्रिम श्वासावर राहून हे पडताळले. तो प्रयोग १९४७ साली प्रसिद्ध झाला. बोट हलवता येत नव्हते, पण भान क्षणभरही हरपले नव्हते. म्हणून ‘आता काही उरले नाही’ असे म्हणून अशा माणसाला घरी आणू नये. श्वास चालू ठेवला तर त्यांतील पुष्कळजण पूर्ण बरे होतात. त्याच्या खाटेशी बोलताना तो ऐकतो आहे, असे समजूनच बोलावे.

दार उघडेच राहिले तर?

दार बंद राहिले तर स्नायू लुळा पडतो, हे सहज पटते. पण दार सतत उघडे राहिले तरीही स्नायू लुळाच पडतो. शस्त्रक्रियेच्या वेळी वापरले जाणारे सक्सिनिलकोलीन ग्राही उघडते आणि चटकन सुटत नाही. क्षणभर स्नायू फडफडतात आणि मग सैल पडतात. पेशीला पुन्हा चेतण्यासाठी आधी शांत व्हावे लागते, ती संधीच मिळत नाही. शाळेची घंटा न थांबता वाजत राहिली तर तास संपल्याचे कोणालाच कळणार नाही, तसेच हे आहे.

मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशके दाराला हात लावीत नाहीत. ती ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकरच निकामी करतात. किल्ल्या साचत जातात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा अशा औषधांची नावे चर्चेत आली. अशा विषबाधेत लाळ, घाम, बारीक बाहुल्या ही मस्करिनी ग्राहींची लक्षणे दिसतात आणि ॲट्रोपीनने ती आटोक्यात येतात. स्नायू फडफडणे आणि मग लुळे पडणे ही निकोटिनी ग्राहींची लक्षणे. त्यांवर ॲट्रोपीन चालत नाही, कारण ते या कुलपाला बसतच नाही. म्हणून घाम थांबला तरी रोग्याच्या श्वासावर लक्ष ठेवावे लागते.

तंबाखूची तल्लफ

निकोटीन हा लहान, चरबीत विरघळणारा रेणू आहे. सापाच्या विषाला जो अडसर ओलांडता येत नाही, तो निकोटीन सहज ओलांडते. विडीच्या धुरातून ते दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचते. तोंडातील तंबाखूतून ते सावकाश येते, पण बराच वेळ येत राहते. चुना कशाला मळतात, हा प्रश्न वर्गात विचारण्याजोगा आहे. चुन्याने मिश्रण अल्कधर्मी होते, निकोटीनच्या रेणूवरील धन प्रभार निघून जातो आणि असा उदासीन रेणू तोंडाच्या आतील कातडीतून सहज शिरतो. ज्याने पहिल्यांदा चुना मळला त्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण परिणाम ठाऊक होता.

मेंदूतील निकोटिनी ग्राहींच्या पाच पाकळ्या स्नायूतल्यांपेक्षा थोड्या वेगळ्या असतात आणि त्यांवर निकोटीन अधिक चांगले बसते. ते दार उघडते आणि डोपामीन नावाचे दुसरे रसायन स्रवते. या रसायनामुळे ‘हे पुन्हा कर’ अशी शिकवण मेंदूला मिळते. पण विकर निकोटीनचे तुकडे करू शकत नाही. ते ग्राहीवर रेंगाळते आणि थोड्या वेळाने ग्राही बधिर होतो. किल्ली लावलेली असूनही दार उघडत नाही. मेंदू त्यावर उपाय म्हणून ग्राहींची संख्या वाढवतो. रात्री झोपेत निकोटीन उतरते, वाढलेले सगळे ग्राही शुद्धीवर येतात आणि मागणी करू लागतात. सकाळची पहिली चिमूट सर्वांत गोड का लागते आणि ती न मिळाल्यास चिडचिड का होते, याचे उत्तर येथे आहे. तंबाखू सोडणाऱ्याला पहिले काही आठवडे जड जातात, यात त्याच्या निर्धाराचा कमकुवतपणा नसतो. वाढलेले ग्राही पूर्ववत होईपर्यंतचा तो काळ असतो, आणि ते पूर्ववत होतात.

अर्धवट दार उघडणाऱ्या रेणूचा उपयोग येथे होतो. लॅबर्नम या झाडातील सायटिसीन हे द्रव्य बल्गेरियात १९६० च्या दशकापासून तंबाखू सोडवण्यासाठी वापरतात. त्याच्या रचनेवरून तयार केलेले व्हॅरेनिक्लीन अमेरिकेत २००६ साली मान्य झाले. ही औषधे निकोटीनची जागा अडवतात, पण दार थोडेसे उघडतात. त्यामुळे तल्लफ सुसह्य होते आणि वर तंबाखू खाल्ली तरी पूर्वीची लज्जत येत नाही. ती अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायची असतात.

महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करताना आढळले. त्यांतील बहुतेकजण ती ओढणारे नव्हे, खाणारे होते. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांत, तंबाखूची विक्री करता येत नाही. शाळेच्या फाटकापासून हे अंतर मोजणे हा भूमितीचा चांगला पाठ होईल.

किडीचे कुलूप आणि आपले कुलूप

तंबाखूचे झाड निकोटीन तयार करते ते माणसासाठी नव्हे, किड्यांना दूर ठेवण्यासाठी. किड्यांच्या मेंदूतही निकोटिनी ग्राही असतात. तंबाखूचा काढा कीटकनाशक म्हणून पूर्वीपासून वापरात होता, पण तो माणसालाही तितकाच घातक. १९९१ च्या सुमारास बाजारात आलेल्या इमिडाक्लोप्रिडने हा प्रश्न काहीसा सोडवला. निकोटीनच्या रेणूवर शरीरात धन प्रभार असतो आणि आपले ग्राही धन प्रभाराला ओढतात. इमिडाक्लोप्रिडच्या टोकाशी मात्र ऋण भाग असतो आणि तो किड्यांच्या ग्राहीवरील धन जागेशी जुळतो. म्हणून ते किड्याच्या कुलपाला घट्ट बसते, आपल्या कुलपाला सैल. सैल म्हणजे मुळीच नाही असे मात्र नव्हे. हातमोजे, तोंडावर फडके आणि वाऱ्याची दिशा पाहणे येथेही सुटत नाही.

मधमाशीचे कुलूपही किड्याचेच असते. कांद्याच्या डोंगळ्यांत बी धरते ते मुख्यतः मधमाश्यांमुळे. फुलातील मधात आणि परागात या औषधांचा अंश उतरला तर माशी मरत नसेल तरी तिला पोळ्याची वाट सापडेनाशी होऊ शकते. युरोपीय संघाने २०१८ साली या गटातील तीन औषधांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली. दुसरीकडे, वारंवार एकच औषध मारल्याने तुडतुडे आणि मावा यांच्यात त्याला दाद न देणारे वाण निपजतात. माव्याच्या एका जातीत तर ग्राहीतील एकच अमिनो आम्ल बदलल्याने किल्ली बसेनाशी झाल्याचे आढळले आहे.

वर्गात करून पाहा

एका पिशवीत १० पांढरे आणि १० लाल मणी घ्या. पांढरा म्हणजे ॲसिटिलकोलीन, लाल म्हणजे कुरारे. न पाहता एक मणी काढा, रंग लिहा, परत टाका आणि दुसरा काढा. दोन्ही पांढरे आले तरच दार उघडले असे धरा. असे ४० वेळा करा. सुमारे १० वेळाच दार उघडेल, कारण १/२ × १/२ म्हणजे १/४. आता २० पांढरे मणी आणखी टाका. हे झाले निओस्टिग्मीन. आता शक्यता ३/४ × ३/४ म्हणजे ९/१६ होते, आणि ४० पैकी २२-२३ वेळा दार उघडायला हवे. शेवटी पांढरे मणी सगळे काढून घ्या आणि विचारा, आता निओस्टिग्मीन काय करील? ज्या विद्यार्थ्याला याचे उत्तर सापडेल, त्याला मण्यारीचा दंश समजला.

मग त्यालाच पुढचा प्रश्न विचारावा. घरात रात्री कोणाला असा दंश झाला, तर किती वाजता निघायचे? उत्तर एकच आहे. लगेच.